हिमप्रदेशातील क्षय आणि एका जहाजाची हकीकत

भूगोलाच्या शालेय पुस्तकात जो 'एस्किमो' आपणां सर्वांस भेटला, त्याची मूर्ती बहुतेकांच्या मनात अद्याप तशीच असेल : अंगावर केसाळ कातड्याचा पोशाख, हाती भाला, पाठीमागे बर्फाच्या विटांचे घुमटाकार घर आणि शेजारी कुत्र्यांची गाडी. तो काय खातो, कशावर निजतो, दिव्यात कशाची चरबी घालतो, हे आम्ही तोंडपाठ केले व परीक्षेत लिहून गुणही मिळविले. तो आजारी पडतो काय, आणि पडल्यास त्याच्या उशाशी कोण बसते, हे मात्र पुस्तकाने सांगितले नाही आणि आम्हीही मास्तरांस विचारले नाही. कॅनडाच्या उत्तरेस राहणारे हे लोक स्वतःस 'इनुइट' म्हणवितात. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ नुसता 'माणसे' एवढाच आहे. परक्यांनी दिलेले जुने नाव त्यांस रुचत नाही, म्हणून आम्हीही ते येथेच टाकून देतो.

२०२१ च्या शिरगणतीप्रमाणे कॅनडात इनुइट लोकांची संख्या सुमारे सत्तर हजार भरली. त्यांपैकी बहुसंख्य अतिउत्तरेकडील ५१ गावांतून राहतात. त्यांतील २५ गावे नुनावुत नामक प्रदेशात आहेत. नुनावुत म्हणजे 'आमची भूमी'. १ एप्रिल १९९९ रोजी हा प्रदेश निराळा करण्यात आला. विस्ताराने तो आपल्या महाराष्ट्राच्या सहापटींहून मोठा आहे, आणि वस्ती पाहावी तर सदतीस हजारांच्या आतबाहेर. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावी याहून अधिक माणसे सापडतील. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यास रस्ता म्हणून नाही. विमान, अथवा उन्हाळ्यात समुद्रावरील बर्फ फुटल्यावर जहाज, एवढ्याच काय त्या वाटा.

आता एक आकडा सांगतो. २०१६ साली कॅनडात जन्मलेल्या व आदिवासी नसलेल्या लोकांत दर लाखी क्षयाचे नवे रुग्ण एक माणूसदेखील भरत नव्हते, प्रमाण ०.६ होते. त्याच देशात, त्याच वर्षी, त्याच सरकारच्या छत्राखाली इनुइट लोकांत हे प्रमाण दर लाखी सुमारे १७० होते. म्हणजे जवळजवळ तीनशे पट. जगातील क्षयी रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या हिंदुस्थानात आहे, आणि आपल्या येथे हे प्रमाण दर लाखी दोनशेच्या आसपास धरितात. जगातील अतिश्रीमंत राष्ट्रांत ज्याची गणना होते त्या देशाच्या पोटात आपल्याएवढाच क्षय असलेला एक कोपरा असावा, हे वाचून आम्ही प्रथम चकित झालो. पुढे त्या लोकांच्या घरांची व एका जहाजाची हकीकत वाचली, तेव्हा आश्चर्य ओसरले आणि त्याच्या जागी निराळेच काही मनात राहिले.

हा रोग त्या भूमीतला नव्हे. एकोणिसाव्या शतकात देवमाशांची शिकार करणारी गोऱ्यांची गलबते तेथे जाऊ लागली. त्यांच्यामागून कातड्यांचे व्यापारी गेले, पाद्री गेले, पोलिस गेले, आणि त्यांच्या श्वासाबरोबर क्षयाचे जंतूही गेले. तोवर इनुइट कुटुंबे लहान लहान टोळ्यांनी, शिकारीच्या मागे मुक्काम हलवीत राहत असत. हिवाळ्यात बर्फाचे घर, उन्हाळ्यात कातड्याचा तंबू. बर्फाचे घर वसंतात वितळून जाई व पुढील हिवाळ्यात नवे बांधावे लागे. मागील वर्षाची घाण, काजळी वा कोंदट हवा पुढील वर्षी राहण्याचा प्रश्नच नव्हता. व्यापाऱ्यांनी पांढऱ्या कोल्ह्याच्या कातड्याचे मोल दाखविल्यावर माणसे शिकार सोडून सापळे लावू लागली, आणि पीठ, साखर, चहा यांवर जगू लागली. पुढे कातड्याचे भाव कोसळले. हातची शिकार गेली होती, दुकानातील पीठ परवडेना, उपास पडू लागले; आणि अर्धपोटी माणसाच्या छातीत क्षय किती लवकर घर करितो, हे आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर या गोष्टीचा बोभाटा झाला, तेव्हा कॅनडाच्या सरकारने एक जहाज सिद्ध केले. त्याचे नाव 'सी. डी. हाऊ'. हे एका मंत्र्याचे नाव. १९५० पासून १९६९ पर्यंत, दर उन्हाळ्यात हे जहाज पूर्वेकडील हिमसागरातील वस्त्यांवरून फिरत असे. जहाजावर डॉक्टर होते, दंतवैद्य होते, दुभाषी होते आणि क्ष-किरणांचे यंत्र होते. वस्तीजवळ नांगर पडला की आबालवृद्धांस नावांतून जहाजावर नेत. त्यांच्या छातीचे चित्र घेत, ते तेथेच धुऊन पाहत, आणि ज्याच्या फुप्फुसावर डाग दिसेल त्यास जहाजावरच ठेवून घेत.

ठेवून घेत, म्हणजे अक्षरशः ठेवून घेत. त्यास किनाऱ्यावर परत जाता येत नसे. तंबूत राहिलेल्या वस्तू आणणे नाही, म्हाताऱ्या आईचा निरोप घेणे नाही, लेकरे कोणाच्या पदरात घालावी याची व्यवस्था लावणे नाही. घरातील कर्ता शिकारी गेला तर मागील माणसांनी हिवाळा कशावर काढावा, हा प्रश्न त्यांचा त्यांनी सोडवावा. आई गेली तर तान्हे मूल दुसऱ्या बाईच्या अंगावर. कधी पाचसात वर्षांचे मूलच एकटे नेले जाई आणि आईबाप किनाऱ्यावर उभे राहून जहाज दृष्टीआड होईपर्यंत पाहत राहत. ते जहाज पुन्हा यावयाचे ते एक वर्षाने. पुढे पुढे जहाज दिसताच कुटुंबेच्या कुटुंबे डोंगराआड जाऊन लपू लागली.

ही माणसे जात कोठे? दक्षिणेकडील मोठ्या शहरांतील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांत : क्वेबेक येथे, एडमंटन येथे, आणि सर्वांत अधिक ऑन्टारियो प्रांतातील हॅमिल्टन गावच्या टेकडीवरील आरोग्यधामात. हॅमिल्टन येथेच त्या काळात बाराशेहून अधिक इनुइट रुग्ण राहून गेले. १९५६ च्या सुमारास तर सबंध इनुइट समाजाचा जवळजवळ सातवा हिस्सा दक्षिणेतील आरोग्यधामांत खाटांवर पडून होता. सात माणसांमागे एक! आपल्या घरातील पंगत डोळ्यांपुढे आणावी, आणि दर सातव्या पाटावरचे माणूस उठून गेले आहे, ते कोठे आहे हे कोणासही नक्की ठाऊक नाही, अशी कल्पना करून पाहावी.

तेथील मुक्काम महिन्यांचा नसे, वर्षांचा असे. दोन-अडीच वर्षे ही साधारण मुदत. ज्या माणसाने जन्मात झाड पाहिले नव्हते त्यास एकाएकी झाडे, मोटारी आणि उकाडा यांच्या मध्ये आणून सोडले. अन्न शिजविलेले व मऊ; त्याचा जीव सीलच्या ताज्या मांसासाठी तळमळे. भाषा कळत नसे. अंथरुणावर निश्चल पडून राहणे हाच त्या काळच्या उपचाराचा मुख्य भाग. शिकारीवर जगलेल्या माणसास यापेक्षा मोठी शिक्षा कोणती असावी हे आम्हांस सुचत नाही. पुरुष मऊ दगडात अस्वले, सील व पक्षी कोरीत बसत, बायका कातड्याचे व कापडाचे शिवणकाम करीत. त्या मूर्ती विकत घेण्यास शहरातील लोक येत, आणि आज त्या चांगल्या चांगल्या संग्रहालयांत मांडलेल्या आहेत. बेन्वा पिलों या दिग्दर्शकाने २००८ साली क्वेबेक येथील अशाच एका रुग्णावर चित्रपट काढला. आमच्या वाचकांपैकी ज्यांस तो पाहावयास मिळेल त्यांनी अवश्य पाहावा.

आता न्याय्य बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. औषधाने माणसे वाचली, यात शंका नाही. स्ट्रेप्टोमायसिन हाती आले होते, १९५२ पासून आयसोनियाझिडही मिळू लागले होते, आणि पुढील दोन दशकांत इनुइट लोकांतील क्षयाचे मृत्यू झपाट्याने उतरले. जहाजावरील डॉक्टर काही राक्षस नव्हते; त्यांतील कित्येकांनी मनापासून कष्ट घेतले. परंतु उत्तरेतच रुग्णालये बांधावी की माणसे दक्षिणेस आणावी, असा विचार सरकारदरबारी झाला होता, आणि दक्षिणेतील गोऱ्या लोकांचा क्षय हटत चालल्यामुळे तेथील आरोग्यधामांत खाटा रिकाम्या पडत होत्या. रिकाम्या खाटा भरणे नवी इमारत उभारण्यापेक्षा स्वस्त पडते. हा हिशेब कळल्यावर त्या जहाजाकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली.

आणि नेमक्या याच वर्षांत आपल्या येथे, मद्रास शहरात, काय चालले होते पाहा. १९५६ साली हिंदुस्थानातील वैद्यक संशोधन मंडळ, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटनचे वैद्यक संशोधन मंडळ यांनी मिळून तेथे एक प्रयोग आरंभिला. गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतील सुमारे दोनशे क्षयी रुग्ण घेतले. निम्म्यांस आरोग्यधामात ठेविले आणि निम्म्यांस त्यांच्या घरीच राहू देऊन वर्षभर औषध दिले. आरोग्यधामातील रुग्णांस चांगले अन्न, विश्रांती, मोकळी हवा. घरच्यांस यांपैकी फारसे काहीच नाही. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : दोन्हीकडील गुण जवळजवळ सारखा. इतकेच नव्हे, तर घरी राहिलेल्या रुग्णांच्या मुलाबाळांस, औषध चालू असता, अधिक लागण झाली असेही पुढे दिसून आले नाही. औषध नेमाने पोटात गेले म्हणजे रुग्णास घरापासून तोडण्याचे कारण उरत नाही, ही गोष्ट जगास मद्रासच्या झोपड्यांनी शिकविली. त्यानंतर देशोदेशीची आरोग्यधामे हळूहळू ओस पडली. अर्थात मद्रासेत दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर होता व हिमप्रदेशात तो शेकडो कोस दूर होता, हा भेद आम्ही विसरत नाही. परंतु दवाखाना दूर असेल तर तो जवळ न्यावा, की माणूस उचलून दवाखान्याकडे न्यावे, हाच तर वादाचा मुद्दा आहे.

माणसे बरी होऊन परतली तेव्हा त्यांची वस्तीही पालटू लागली होती. सरकारने शाळा, दुकान व दवाखाना यांच्याभोवती लोकांस एकत्र वसविण्यास आरंभ केला, आणि राहण्यास लाकडी घरे दिली. ती इतकी चिमुकली की लोक त्यांस 'आगपेटी'च म्हणू लागले. पुढे घरे काहीशी मोठी झाली, पण कुटुंबे त्याहून मोठी झाली. अतिउत्तरेत वर्षातील दोन-तीन महिनेच जहाज येऊ शकते. लाकूड, खिळे, काच, रंग सारे त्या मुदतीत उतरले पाहिजे. एखादा जिन्नस राहून गेला तर काम पुढील उन्हाळ्यापर्यंत थांबले म्हणून समजावे. सबब घर बांधणे अतोनात महाग; घरे थोडी आणि त्यांची वाट पाहणारे फार. २०२१ च्या शिरगणतीत उत्तरेतील इनुइटांपैकी निम्म्याहून अधिक लोक दाटीच्या घरात राहतात असे आढळले.

येथे आमचे काही वाचक म्हणतील, की दाटी आम्हांस कोणी शिकवावी? आजोबा-आजी, चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरे, आश्रित विद्यार्थी मिळून वीस-पंचवीस पाने एका वेळी वाढली जात, ते वाडे आम्ही पाहिले आहेत. खरे आहे, आणि इनुइट लोकांसही आजी-आजोबांसह एकत्र राहणे आपल्याइतकेच प्रिय आहे. एकत्र कुटुंब हा रोग नव्हे. परंतु वाड्यास ओटा होता, चौक होता, परस होते; सकाळी दारे उघडली ती रात्री दिवे लागेपर्यंत लागत नसत. बाहेर शून्याखाली तीस-चाळीस अंश थंडी असता खिडकी कोणी उघडावी? जळण महाग, म्हणून भिंतीतील हवेची भोकेही चिंध्या कोंबून बुजवितात. आठ-दहा माणसांचा श्वास, स्वयंपाकाची वाफ, ओल्या कपड्यांचा दमटपणा व भिंतीवरील बुरशी त्या दोन-तीन खोल्यांत कोंडून राहते. त्यात तंबाखूचा धूर. तेथे प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोक धूम्रपान करितात, हेही लपविण्यात अर्थ नाही. क्षयी माणूस खोकला की जंतू अशा हवेत तासन् तास तरंगत राहतात. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीची खिडकी लावून, आत शेगडी पेटवून, वर धुरी देण्याची जी चाल होती, ती ज्यांनी सोसली आहे त्या वडीलधाऱ्या बायकांस ही हवा कशी असेल ते अधिक सांगण्याची गरज नाही.

या हवेचा पहिला तडाखा बसतो तो तान्ह्या मुलांस. हिवाळ्यात श्वासनलिकेच्या अगदी बारीक शाखा सुजविणारा एक विषाणू सर्वत्र फिरतो. मोठ्यांस त्याने नुसते पडसे होते. सहा महिन्यांच्या आतील मुलाची मात्र छाती उडू लागते. बॅफिन बेटावरील इनुइट बालकांस या आजारासाठी रुग्णालयात नेण्याचे प्रमाण जगात नोंदल्या गेलेल्या अत्युच्च प्रमाणांपैकी एक आहे. गावात परिचारिकांनी चालविलेले आरोग्यकेंद्र असते. मूल अधिक झाले तर विमानाने इकालुइत या राजधानीस न्यावयाचे, कारण सबंध नुनावुतात रुग्णालय असे तेवढे एकच; आणि तेथेही निभेना तर आणखी सुमारे दोन हजार किलोमीटर दक्षिणेस ओटावा येथे. बरोबर एकच पालक. मागे राहिलेली भावंडे शेजारी, बाप कामावर. जहाज गेले, विमान आले.

संशोधकांनी तेथील घरांतील हवा मोजली. माणसे जितकी अधिक व हवा जितकी कोंडलेली, तितके बालकांचे छातीचे विकार अधिक, असे त्यांस आढळले. मग काही घरांत एक साधे यंत्र बसवून पाहिले. त्यात आतील ऊबदार वाईट हवा बाहेर जाता जाता, मधल्या पातळ पडद्यांतून, आत येणाऱ्या थंड ताज्या हवेस आपली ऊब देऊन जाते. खोली गारठत नाही आणि हवा मात्र पालटते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात यंत्र बसविलेल्या घरांतील मुलांच्या छातीची घरघर कमी झालेली दिसली. औषधाची बाटली नाही, सुई नाही, नुसती हवा.

क्षयाच्या बाबतीतही काही केले गेले नाही असे नव्हे. २०११ साली इकालुइत येथे 'ताइमा' नावाची मोहीम निघाली. ताइमा म्हणजे 'पुरे, थांब'. कार्यकर्ते दारोदार जाऊन, लोकांच्याच भाषेत समजावून, तपासणी करू लागले. पूर्वी छातीत दडून बसलेल्या जंतूंसाठी नऊ महिने रोज गोळी घ्यावी लागे. आता आठवड्यातून एकदा, अशा बारा मात्रांचा नवा उपचारही तेथे पोहोचला आहे. मार्च २०१८ मध्ये कॅनडा सरकार व इनुइटांची राष्ट्रीय संस्था यांनी २०३० पर्यंत हा रोग त्यांच्या भूमीतून निपटून काढण्याचा संकल्प केला. त्यानंतर, नोव्हेंबर २०२१ मध्ये, दीड हजार वस्तीच्या पँगनिर्टंग गावी क्षयाची साथ जाहीर करावी लागली. घरे मोठी झाल्याखेरीज गोळ्यांनी किती धाव घ्यावी?

शिवाय एक अडचण अशी आहे, की ती कोणत्याही यंत्रात दिसत नाही. खोकला येऊ लागला तरी म्हातारी माणसे तपासणीस जाण्यास कचरतात. तपासावयास जहाजावर गेलेला माणूस किनाऱ्यावर परत आला नाही, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. जी मुले तीन-चार वर्षांनी परत आली ती आपली भाषा विसरून आली होती. आईशी बोलावयास त्यांस दुभाषी लागला. आणि जी कधीच आली नाहीत त्यांचे काय झाले, हे कित्येक घरांस कोणी कळविलेच नाही.

हे कळले नाही, कारण नोंदीच धड नव्हत्या. इनुइट लोकांस आडनावे नसत, आणि त्यांची नावे साहेबांच्या कारकुनांस लिहिता येत नसत. म्हणून १९४१ पासून प्रत्येकास एक क्रमांक देऊन त्याची चकती गळ्यात घालावयास लावली होती. रुग्णालयाच्या वहीत कोठे हा क्रमांक, कोठे पाच प्रकारांनी चुकविलेले नाव. माणूस दगावला तर त्यास तेथेच, शहराच्या दफनभूमीत, पुष्कळदा नावाचा दगडही न ठेविता पुरले जाई. उत्तरेस प्रेत पाठविण्याचा खर्च कोण करितो?

आपल्या आनंदीबाई जोशी क्षयानेच गेल्या, १८८७ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी. त्यांची रक्षा अमेरिकेत पोकीप्सी येथे त्यांच्या मानलेल्या मावशीच्या, कार्पेंटर बाईंच्या, कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविली आहे, आणि सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी मराठी माणूस तेथे जाऊन फूल ठेवू शकतो. मृताची तिथी आणि मृताचे स्थळ यांचे मोल आपल्या घरांतून सांगावे लागत नाही. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याच्यासाठीदेखील आपल्या शास्त्राने सर्वपित्रीची सोय करून ठेविली. इनुइट लोकांत श्राद्ध नाही, परंतु नाव आहे. घरातील माणूस गेले की पुढे जन्मणाऱ्या मुलास त्याचे नाव देतात, आणि नुसते नाव नव्हे तर नातेही देतात : आजीचे नाव मिळालेल्या चिमुरडीस तिची स्वतःची आई 'आई' अशी हाक मारिते. आपल्याकडे नातवास आजोबांचे नाव ठेवितात आणि मग सुनेस ते घेता येत नाही म्हणून पोरास जन्मभर 'भाऊ' म्हणावे लागते, त्यातलाच हा प्रकार. मग जो जिवंत आहे की नाही हेच ठाऊक नाही, त्याचे नाव कोणाच्या कानात सांगावयाचे?

८ मार्च २०१९ रोजी कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी इकालुइत येथे जाऊन या सर्व प्रकाराबद्दल सरकारतर्फे इनुइट लोकांची क्षमा मागितली. त्याच वेळी 'नानिलावुत' या कामाचीही घोषणा झाली. नानिलावुत म्हणजे 'चला, त्यांस शोधू या'. रुग्णालयांच्या वह्या, चर्चमधील मृत्यूच्या नोंदी व दफनभूमीचे नकाशे पडताळून ज्या माणसांचा माग लागला त्यांची एक सूची केली आहे. ज्यांस आपले माणूस हवे असेल त्यांनी विचारावे, म्हणजे कबर सापडली असल्यास स्थळ सांगतात, आणि कुटुंबास तेथवर जाण्यास साह्य करितात. विचारणारे बहुतेक आता सत्तरीच्या घरातले आहेत. आईस जहाजावर चढताना त्यांनी पाहिले तेव्हा ते चार-सहा वर्षांचे होते. काहींस दगडावर नाव कोरून मिळाले आहे. बाकीच्यांचे अर्ज नोंदवून घेतलेले आहेत.